जुन्या स्कॅन फोटोचा स्क्रीनशॉट नको, मोठी फाइल घ्या

कॉलेज लायब्ररीच्या डिजिटल कलेक्शनमधे आपल्या नाशिकच्या रामकुंडाचा नाहीतर पांडवलेण्यांचा जुना फोटो सापडला की लगेच स्क्रीनशॉट मारू नका, समोर दिसतो तो बहुतेक वेळा छोटा प्रिव्ह्यू असतो, डाउनलोडमधे जाऊन सगळ्यात मोठी साइज घ्या आणि मग निवांत झूम करा, घाटावरच्या पायऱ्या, माणसांच्या पगड्या, मागच्या देवळाचं कोरीवकाम, सगळं उलगडत जातं. प्रिंट काढायची असेल आणि टिफ (TIFF, दर्जा न घटवता साठवलेली मोठी फोटो फाइल) मिळत असेल तर तीच घ्या.

आणि प्लीज, आयटम नंबर, फोटोग्राफर, साल, कायमची लिंक तेव्हाच टिपून ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरत फिरत फोटो कुठला ते कोणालाच सांगता येत नाही, फार वाईट वाटतं बघून.

सर्चमधे 'नासिक' (Nasik) हे जुनं स्पेलिंग पण टाका, 1883 च्या मुंबई इलाखा गॅझेटियरचा (सरकारी माहितीग्रंथाचा) आपल्या जिल्ह्याचा 16 वा खंड त्याच नावाने सापडतो. नाहीच काही आलं तर गोदावरी, त्र्यंबक टाकून बघा. मोडी लिपीतले जुने कागद हाताने लिहिलेले असतात त्यामुळे आतला मजकूर सहसा सर्चमधे येत नाही, वर्णनातल्या शब्दांवरूनच शोधा. कुठे छापणार असाल तर राइट्सची, म्हणजे फोटो वापरायच्या हक्कांची ओळ वाचा, शंका असली तर सरळ लायब्रेरियनना मेल करा.