क्लाउनफिशची जोडी, रीफ टँक आणि पिल्लांचे पहिले दहा दिवस

घरच्या रीफ टँकमध्ये (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) क्लाउनफिशची जोडी अंडी घालते, यात आता फारसं नवल राहिलेलं नाही. खरं कसब पिल्लं जगवण्यात आहे. तिसऱ्या दिवशी सगळी पिल्लं तळाला पडलेली दिसली की दोष पाण्याला दिला जातो, पण बहुतेक वेळा ती उपाशी मेलेली असतात. त्यांच्या तोंडात मावेल एवढं बारीक जिवंत खाद्य आधीपासून तयार असावं लागतं. अंडी दिसल्यावर त्याची जुळवाजुळव सुरू केली तर उशीर झालेला असतो. म्हणून टँक मांडतानाच पिल्लांची बाजूही डोक्यात ठेवा.

इथे ओसेलॅरिस हा नारिंगी अंगाचा, तीन पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश धरला आहे. तो चिवट आहे आणि हॅचरीत वाढवलेला मिळतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) आपल्याकडे क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं काहीच कारण नाही.

टाकी आणि पाणी

६० × ४५ × ४५ सेंमीची टाकी सुरुवातीला पुरते. ती काठोकाठ १२१ लिटरची भरते, पण दगड आणि रेती गेल्यावर पाणी साधारण १०० लिटर राहतं. काच, दगड, रेती, पाणी मिळून वजन दीडशे किलोच्या घरात जातं. तेव्हा प्लायवूडच्या टीपॉयवर ती ठेवू नका. लोखंडी स्टँड करून घ्या आणि तो भिंतीलगत ठेवा. स्टँड स्पिरिट लेव्हल लावून तपासा. एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर खाली असला तरी काचेच्या जोडावर ताण येतो.

पाणी आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार शोषणारं रेझिन) लावलेलंच हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारं. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. त्यात बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. बोअरचं पाणी असेल तर डीआय रेझिन लवकर संपतं, मीटरवर १-२ दिसू लागलं की बदला. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा विचारही नको. खाड्यांचं सांडपाणी त्यात असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारता कोसळते. मिठागरातलं खडेमीठही उपयोगाचं नाही, कारण ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं आणि प्रवाळांना लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी त्यातून मिळत नाही. रीफ टँकसाठी बनवलेलं मीठच घ्या.

लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे १०० लिटरला साधारण पावणेचार किलो. ड्रममध्ये आधी पाणी घ्या, पंप चालू करा आणि मग मीठ थोडंथोडं सोडा. उलट केलं, मिठावर पाणी ओतलं, तर घट्ट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि पाणी दुधाळच राहतं. एक दिवस फिरवा, मग रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजणाऱ्या उपकरणाने मोजा. २५ अंशांना ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे सापेक्ष घनता १.०२६ यायला हवी. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर लावा. ‘मोजमाप बरोबर आहे पण मासे मरतात’ या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात.

१०० लिटरला कोरडा रीफ रॉक १० ते १२ किलो आणि अॅरागोनाइटची रेती सुमारे १० किलो पुरते, थर अडीच सेंमीचा होतो. दगड आधी थेट काचेच्या तळावर पक्के बसवा, मग रेती घाला. रेतीवर ठेवलेला दगड माशांनी खाली उकरलं की घसरतो. ताशी दोन-तीन हजार लिटरचा एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप), १०० वॉटचा हीटर, एक छोटा स्किमर (घाण फेसासोबत काढणारं यंत्र) आणि मंद-तीव्र करता येणारा एलईडी, एवढं सामान घ्या.

तापमान २५ ते २७ अंश ठेवायचं. हीटर आपल्याकडे हिवाळ्यातल्या रात्रींपुरता लागतो, खरी अडचण उन्हाळ्याची. पाण्यावर आडवा वारा मारणारा क्लिप फॅन दोन-तीन अंश उतरवतो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यावर भागतं. कोकणपट्टीत हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावतं आणि फॅन नुसता फिरत राहतो. तिथे चिलर घ्या किंवा टँक एसीच्या खोलीत ठेवा. फॅन असला की उन्हाळ्यात दिवसाला दोन ते चार लिटर पाणी उडतं. ती तूट साध्या आरओ-डीआय पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही, कारण मीठ उडत नाही. ही तूट आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ बसवला तर क्षारता दिवसभर एकसारखी राहते. लाइट जाण्यावर बॅटरीचा एअर पंप हा स्वस्त विमा आहे. वेव्हमेकर बंद पडून काही तास गेले की पाण्यातला ऑक्सिजन आधी संपतो, बाकी सगळं नंतर.

सायकल आणि जोडी

पाणी भरलं म्हणजे टँक तयार झाला असं नाही. माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी टँकमध्ये वाढवावे लागतात, यालाच सायकल म्हणतात. बाटलीतले नायट्रिफाइंग बॅक्टेरिया घाला, अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत २) न्या आणि दर दोन दिवसांनी तपासा. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतं, शेवटी नायट्रेट दिसू लागतं. पुन्हा २ पीपीएम टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की सायकल झाली. याला तीन ते सहा आठवडे जातात. या काळात दिवा लावू नका, नुसतं शेवाळ पोसलं जातं. सायकल संपल्यावर तपकिरी बुरशीसारखा थर येतो, ते डायटम. खरवडत बसू नका. पाच-सहा शंखगोगलगायी सोडा, बहुतेक वेळा तो आपोआप ओसरतो. त्यानंतर दिव्याची वेळ रोज चार तासांपासून हळूहळू आठ तासांपर्यंत वाढवा.

प्रवाळांबाबत कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. मालवणच्या खडकांवरून उचललेला प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, घरी आणणं गुन्हा आहे, आणि दुकानात दिसतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. मशरूम, झोअँथिड, लेदर या मऊ प्रवाळांवर सुंदर टँक होतो. बिल जपून ठेवा. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ते कापू नका. झोअँथिड असलेला दगड ‘निर्जंतुक’ करायला उकळत्या पाण्यात कधीच टाकू नका, त्या वाफेने घरातली माणसं इस्पितळात जातात.

क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात आणि गटातला सर्वांत मोठा पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान मासे घ्या, एक दुसऱ्यापेक्षा ठळक मोठा. सारख्या आकाराचे घेतले तर कोण वरचढ यावर महिनाभर मारामारी चालते. आधी चार आठवडे वेगळ्या रिकाम्या टाकीत ठेवून पाहा. क्लाउनफिशला ब्रूकलिनेला हा रोग विशेष लागतो. अंगावर चिकट पांढरट पापुद्रा आला, श्वास धापा टाकल्यासारखा झाला की तोच समजा. अॅनिमोनी (क्लाउनफिश जिच्यात राहतो ती फुलासारखी दिसणारी सजीव) अंड्यांसाठी लागत नाही. हवीच असेल तर टँक निदान सहा महिन्यांचा झाल्यावर आणा आणि वेव्हमेकरला जाळी लावा, नाहीतर ती फिरत जाऊन पंखात अडकते.

दिवसातून दोन-तीनदा गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), कोळंबीचा कीस आणि चांगली पेलेट द्या. साधारण वर्ष-दीड वर्षाच्या वयात जोडी तयार होते. एखादी जागा दोघं तोंडाने घासून साफ करू लागली की तिथेच १० सेंमीची बिनझिलईची टाइल किंवा मातीच्या कुंडीचा तुकडा टेकवून ठेवा. दगडावर घातलेली अंडी हलवता येत नाहीत, टाइल उचलता येते. पहिल्या एक-दोन खेपांची अंडी आईबाप खाऊन टाकतात, त्याने बिथरून जाऊ नका.

रोटिफर आधी

रोटिफर म्हणजे पिल्लांच्या तोंडात मावणारे सूक्ष्म जीव, सुरुवातीला म्हटलेलं जिवंत खाद्य ते हेच. जोडी टाइल घासायला लागली, त्याच आठवड्यात ते चालू करा. अंडी उबायची वाट पाहू नका.

१२ ते १५ लिटरच्या बादलीत १० लिटर पाणी, क्षारता २५ पीपीटी, तापमान २६ ते २८ अंश. एअर स्टोन (बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) न लावता नुसत्या नळीने मोठे बुडबुडे सोडा. खाद्य म्हणून नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शेवाळाची पेस्ट, एवढी की पाणी फिकट हिरवं राहील, आणि ते फिकट झालं की पुन्हा. रोज पाव पाणी काढून ५३ मायक्रॉनच्या कापडातून गाळा. रोटिफर कापडावर राहतात, घाण पाणी फेकून द्या (बादलीच्या पाण्यात अमोनिया भरपूर असतो, ते पिल्लांत जाऊ देऊ नका) आणि बादलीत ताजं पाणी भरा. कापडावर उरलेले रोटिफर आठवडाभर बादलीतच परत सोडा, म्हणजे संख्या वाढते.

हिशेब सोपा आहे. पिल्लांच्या टाकीत २० लिटर पाणी आणि मिलिलिटरला १० रोटिफर हवे, म्हणजे एकूण २ लाख. बादलीत मिलिलिटरला १०० असतील तर दोन लिटर गाळलं की झालं. म्हणजे एक बादली जेमतेम पुरते, आणि बादली कधी ना कधी अचानक बसते, म्हणजे रोटिफर एकदम मरतात. विरजण बाजूला काढून ठेवतात तसं दुसऱ्या खोलीत एका बाटलीत थोडं चालू ठेवा. दोन्ही भांड्यांना एकच चमचा, एकच नळी वापरू नका. बादलीत शिरणारा सूक्ष्मजीवांचा कचरा बहुतेक वेळा त्याच वाटेने येतो.

अंड्यांपासून पिल्लांपर्यंत

अंडी आधी नारिंगी असतात, मग काळपट होतात, शेवटी प्रत्येकात चंदेरी डोळे चमकतात. २७-२८ अंशांना सातव्या-आठव्या रात्री ती फुटतात, दिवा गेल्यावर तासा-दोन तासांत. त्या संध्याकाळी दिवा जायच्या आधी टाइल पाण्याखालीच एका डब्यात घ्या आणि पिल्लांच्या टाकीत न्या. या टाकीतलं पाणी मोठ्या टँकमधूनच काढलेलं असावं. अंड्यांवर पंखांनी पाणी मारायचं बापाचं काम आता एअर स्टोनचं. तो टाइलच्या कडेला असा ठेवा की अंडी हलती राहतील, पण बुडबुडे त्यांच्यावर थेट आपटणार नाहीत. खोलीत पूर्ण अंधार करा, मोबाइलची स्क्रीनसुद्धा नको. सकाळपर्यंत फुटली नाहीत तर हवा तशीच चालू ठेवा, दुसऱ्या रात्री फुटतील.

पिल्लांच्या टाकीच्या चारही बाजूंना बाहेरून काळा कागद लावा आणि मंद दिवा फक्त वरून ठेवा. काचेतून कडेने उजेड आला की ती त्याच्याकडे धावून भिंतीवर डोकं आपटत राहतात आणि खायचं सोडतात. ५० वॉटचा हीटर, सेकंदाला दोन-तीन बुडबुडे, एवढंच. फिल्टर अजून नको, तो रोटिफर ओढतो आणि तीन-चार मिलिमीटरची पिल्लंही.

सकाळी टाइल काढा, रोटिफर सोडा आणि पाण्याला हलका हिरवा रंग द्या. हिरव्या पाण्यात पिल्लांना रोटिफर उठून दिसतात आणि रोटिफरही उपाशी राहत नाहीत. पण पेस्टमधलं शेवाळ मेलेलं असतं. ते अमोनिया खात नाही, सडून उलट वाढवतं. त्यामुळे हात आखडता ठेवा. दिवसातून तीनदा पिपेटमध्ये १ मिलिलिटर पाणी घेऊन टॉर्चसमोर धरा. हलणारे पांढरे ठिपके पाचाच्या खाली आले की भर घाला. रोटिफर टाकीत सोडण्याआधी चार तास शेवाळावर पोसलेले असावेत, कारण पिल्लाला पोषण मिळतं ते त्यांच्या पोटातल्या खाद्यातून. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये डीएचए हा मेदाम्ल जवळपास नसतो. त्यासाठी आयसोक्रायसिस हे दुसरं शेवाळ किंवा एनरिचमेंट (पोषण वाढवणारं) द्रावण रोटिफरना जोडीला द्या. डीएचए कमी पडलं की पिल्लं दिवा लागला, टाकीला हात लागला एवढ्या धक्क्याने थरथरून मरतात.

रोज १० ते २० टक्के पाणी एअर पंपाच्या बारीक नळीने तळातून ओढा. नळीच्या तोंडाला बारीक जाळी, आणि भर मोठ्या टँकच्या पाण्याने थेंबाथेंबाने. अमोनियाची चाचणी रोज करा.

सहाव्या-सातव्या दिवसापासून नुकताच फुटलेला आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक खारा जीव) द्यायला लागा, पण रोटिफर आणखी तीन दिवस चालूच ठेवा. आर्टेमियाची अंडी २८ अंशांना, जोरदार हवेत, १८ ते २४ तासांत फुटतात. हवा बंद केली की कवचं वर तरंगतात आणि जीव तळाशी उजेडाकडे गोळा होतात, तिथून ओढून गाळा. कवचं पिल्लांच्या टाकीत गेली तर ती गिळून आतडं तुंबतं. आर्टेमिया फुटल्यापासून सहा-आठ तासांत वापरा. पुढे त्याच्या अंगातला बलक संपतो आणि तो आकारानेही मोठा होतो. खाल्लं की नाही ते पोटाकडे पाहून कळतं, भरलेलं पोट नारिंगी दिसतं. सगळ्यांची पोटं नारिंगी दिसेपर्यंत रोटिफर थांबवू नका.

आठव्या ते बाराव्या दिवसांत पिल्लं बदलतात. मधल्या पाण्यातून तळाकडे आणि कडेकडे येतात, अंग गडद होतं, डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. हा दुसरा मरणाचा काळ. इथे मरतात ती बहुधा आधीच्या आठवड्यात अर्धपोटी राहिलेली किंवा अमोनिया सोसलेली. पट्टे तुटके येणं, गालफडाचं झाकण आखूड राहणं यांचीही मुळं मुख्यतः तिथेच असतात.

पंधराव्या दिवसापासून स्पंज फिल्टर लावा. तो महिनाभर आधी मोठ्या टँकमध्ये ठेवून मुरवलेला हवा, कोरा स्पंज काही कामाचा नाही. पेलेटची २०० मायक्रॉनची भुकटी दिवसातून चार-पाचदा चिमूटभर द्या. महिन्याभरात दांडगी पिल्लं बारक्यांच्या शेपट्या कुरतडू लागतात, तेव्हा आकारानुसार वेगळी करा. पकडताना जाळी नको, गालावरचे काटे जाळीत अडकतात. कपाने उचला. द्यायला-विकायला ती तीन-चार महिन्यांत, अडीच-तीन सेंमीची झाली की तयार होतात.

एकदा लय लागली की जोडी दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी घालते. म्हणजे पहिली पिल्लं अजून भुकटीवर असतानाच पुढची टाइल भरलेली असेल. दुसरी २० लिटरची टाकी नसेल तर ती खेप सोडून द्या, आईबापांजवळच फुटू द्या, आणि रोटिफरची बादली मात्र चालू ठेवा.