आर खोऱ्यातील द्राक्षबागा पायी कशा पाहाव्यात

जर्मनीतील आर नदीचे खोरे ५० अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे आणि तेथे द्राक्षाखालचे क्षेत्र जेमतेम ५५० हेक्टर आहे. तरीही हा भाग ओळखला जातो तो लाल वाइनसाठी. एवढ्या थंड मुलखात काळी द्राक्षे पिकतात कशी, हे वाइन चाखण्याआधी बागांतून चालून पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आल्टेनार ते बाड बोडेनडॉर्फ ही सुमारे ३५ किलोमीटरची ‘लाल वाइनची पायवाट’ उतारावरच्या बागांतूनच जाते. ती एका दिवसात संपवण्याचा हट्ट धरू नये. सकाळी आल्टेनारहून निघून मायशोसमार्गे डेर्नाऊपर्यंत जावे, कारण अरुंद दरी आणि खडे चढ याच टप्प्यात पाहायला मिळतात. पायात पकड असलेले बूट हवेतच.

दुपार कलल्यावर बागेच्या बांधावर हात ठेवून पाहावा. हा काळसर पाटीचा दगड दिवसभर ऊन शोषतो आणि सूर्य खाली गेल्यावरही ऊब सोडत राहतो. शिवाय उताराचे तोंड दक्षिणेकडे असल्याने तिरपे ऊनही वेलीला पुरेपूर मिळते. या दोन गोष्टींच्या बळावर येथे श्पेटबुर्गुंडर, म्हणजेच पिनो न्वार ही काळ्या द्राक्षाची जात, पिकते. नाशिककडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात. येथे वेल हिवाळाभर सुप्त राहते, मुख्य छाटणी एकदाच होते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. खड्या उतारावर घड हातानेच काढावे लागतात, त्यामुळे काढणीच्या दिवसांत मजुरांची वाट अडवू नये आणि एकही मणी तोडू नये.

मायशोसमध्ये थोडे थांबावे. तेथील द्राक्ष उत्पादकांनी १८६८ मध्येच आपली सहकारी संस्था उभारली होती. जुलै २०२१ च्या महापुराने या खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली आणि तळघरेच्या तळघरे चिखलाने भरली; त्या चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता विकून उत्पादकांनी पुनर्उभारणीसाठी निधी जमवला. म्हणून शक्य असेल तर बाटली थेट उत्पादकाकडूनच घ्यावी.

शरद ऋतूत गेल्यास अर्धवट आंबलेला ताजा रस, फेडरवायसर, मिळतो. त्याचे आंबणे चालूच असल्याने बाटलीचे झाकण हवाबंद नसते. परतताना ती पिशवीत उभीच ठेवावी आणि दोन-चार दिवसांत संपवावी.