अस्तराची पिशवी शिवताय? या चुका टाळा, नाहीतर उसवत बसाल

अस्तराची पिशवी हा प्रकार जरा लबाड आहे. शिवताना सगळं बरोबर चाललंय असंच वाटत राहतं, मशीन छान पळत असतं, टीपही सरळ येत असते, आणि मग पिशवी सुलट करायला अस्तराच्या तळाला न शिवता सोडलेल्या भोकातून ती सगळी गुंडाळी बाहेर ओढली की दिसतं की एक बंद आतच राहिलाय, दुसऱ्याला पीळ पडलाय आणि अस्तर तोंडातून बाहेर डोकावतंय. चूक दिसते शेवटी, पण झालेली असते दोन तास आधी, बऱ्याचदा कापड बेततानाच. त्यामुळे इथे काय बिघडलेलं दिसतं ते आधी सांगते आणि ते मुळात कुठे बिघडलं ते त्याच्या मागोमाग.

अस्तर आत गोळा होतं, फुगून बसतं

सगळ्यात जास्त वेळा हेच होतं. बाहेरचं कापड आणि अस्तर एकाच मापाचं कापायचं आणि दोन्हीला सारखीच माया (टिपेच्या बाहेर कडेला सोडलेलं कापड) सोडून शिवायचं. आता एकात एक बसणारे डबे आठवा, आतला डबा बाहेरच्याएवढाच असेल तर तो आत बसेल का? डबा निदान बसत नाही म्हणून सांगतो तरी, कापड मात्र चुण्या पाडून कसंतरी बसतं आणि मग पिशवीत हात घातला की चाव्यांच्या आधी अस्तरच हातात येतं.

उपाय सोपा आहे, कापताना दोन्ही सारखंच कापा, पण अस्तर शिवताना माया एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त घ्या. म्हणजे बाहेरच्याला अर्धा इंच असेल तर अस्तराच्या बाजूंना आणि तळाला अर्धा इंच आणि वर एक सूत. फक्त तोंडाशी पहिला एक इंच दोन्हीकडे अर्धा इंचच ठेवा आणि मग हळूहळू आत सरका, नाहीतर तोंडाचा घेर जुळत नाही आणि तिथे चुण्या येतात. पिशवी शिवून झाल्यावर हे लक्षात आलं असेल तरी घाबरू नका, भोक अजून उघडं असेल तर अस्तर त्यातून बाहेर काढा, दोन्ही बाजूंना आणि तळाला जुन्या टिपेच्या एक सूत आतून नवीन टीप मारा, भोकाची जागा सोडून. जुनी टीप उसवायची पण गरज नाही.

आणि पिशवी पहिल्यांदा धुतल्यावर अस्तर फुगलं असेल तर ते माप चुकल्यामुळे नसतं. बाहेरचं सुती कापड न धुता वापरलं आणि आत पॉलिस्टरचं अस्तर लावलं तर धुतल्यावर सुती कापड आटतं, पॉलिस्टर आटत नाही, मग ते जाणार कुठे, लोंबतंच. उलटं असेल तर अस्तर आटून बाहेरची पिशवी खेचली जाते आणि ती आकसल्यासारखी दिसते. दोन्ही कापडं आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मग कात्री लावा. गडद रंगाचं कापड असेल तर पहिलं धुणं वेगळंच करा. हा कंटाळा मीही केलाय आणि एक छान निळी पिशवी त्यात गेली.

अस्तराला सॅटिन घ्यायचा मोह होतो, चकाकतं म्हणून, पण पहिल्याच पिशवीला नको. ते मशीनखाली सरकतं आणि कडेचे दोरे सतत निघत राहतात. साधं सुती घ्या.

ठरवली होती मोठी, झाली छोटी

हा निव्वळ हिशोबाचा घोटाळा आहे. तळाला जाडी द्यायला कोपरे कापतो ना, त्यात रुंदी आणि उंची दोन्ही जातात आणि हे कोणी आधी मोजत नाही. समजा १६ इंच रुंद आणि १७ इंच उंच असे दोन तुकडे घेतले, सगळीकडे अर्धा इंच माया ठेवली आणि खालच्या कोपऱ्यांतून २ इंचाचे चौकोन कापले, तर तयार पिशवी होते ११ इंच रुंद, १४ इंच उंच आणि तळ ४ इंचाचा. म्हणजे १६ मधले ५ गेले. उलट्या बाजूने हिशोब करा, तयार पिशवी किती हवी ते लिहा, रुंदीत तळाची पूर्ण जाडी मिळवा, उंचीत अर्धी, आणि मग माया.

चौकोन कापायचे ते कापडाच्या कडेपासून मोजून. काहीजण शिवून झाल्यावर टिपेपासून मोजून कापतात आणि मग वर परत माया घेतात, त्यामुळे तळ १ इंचाने वाढतो. तुम्ही कुठली पद्धत वापरता याने फरक पडत नाही, पण बाहेरच्याला एक आणि अस्तराला दुसरी असं झालं तर तळ एकमेकांवर बसतच नाहीत.

चित्र उलटं

पिशवीच्या तळाला जोड नको म्हणून लांब तुकडा घेऊन मधे दुमडतात. साध्या कापडाला चालतं. पण कापडावर पक्षी, झाडं, अक्षरं असं वर-खाली असलेलं चित्र असेल तर एका बाजूला पक्षी उभा आणि दुसऱ्या बाजूला डोकं खाली पाय वर. अशा कापडाचे दोन वेगळे तुकडेच कापा. आणि कापड उरलेलं आहे म्हणून तिरकं, उरेबमधे बसवून कापू नका, उरेब कापड ताणतं आणि वजन पडलं की पिशवी एका बाजूने लोंबायला लागते. काठाला समांतर उभा धागा पिशवीच्या उंचीत ठेवायचा.

बंदांची कहाणी

इथे थोडं थांबून बोलू, कारण निम्म्या पिशव्या इथेच मार खातात.

माझ्या पहिल्या पिशवीत मी बंद वरच्या दिशेने उभे ठेवून टाचले होते, म्हणजे पिशवी तयार झाल्यावर जसे दिसतात तसे. डोक्याला ते पटतं पण कापडाला नाही. पिशवी उलटी होणार आहे म्हणजे बंदही उलटे होणार. बाहेरचं कापड सुलट बाजू वर करून पसरा, बंदाची दोन्ही टोकं तोंडाच्या कडेशी लावा आणि बंदाचा वळसा खाली तळाकडे सोडा, एखादं हसरं तोंड काढल्यासारखा. तो आत्ता विचित्र दिसला पाहिजे. छान दिसत असेल तर चुकलंय.

दुसरं म्हणजे एका बंदाची दोन्ही टोकं एकाच तुकड्यावर असतात, एक पुढच्या आणि एक मागच्या बाजूला असं नाही. हे वाचताना हसू येईल पण बाजू जोडून झाल्यावर बंद लावायला घेतले की हमखास होतं. त्यामुळे बाजू जोडायच्या आधीच, कापड सपाट असतानाच बंद लावून टाका. पीळ आहे का बघायला टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवा, बंदाची जोडाची बाजू दोन्ही टोकांना एकाच दिशेला आली पाहिजे.

टोकं कडेच्या बाहेर अर्धा इंच निघालेली ठेवा, कडेला बरोबर जुळवू नका. बरोबर जुळवलं आणि शिवताना बंद थोडा जरी सरकला तर टिपेत जेमतेम दोन धागे पकडले जातात आणि एक दिवस जड सामान घेतलेलं असतानाच ते सुटतं. कडेपासून पाव इंचावर आधी एक टीप मारून बंद बसवून घ्या, पुढे-मागे दोन-तीनदा, मग मुख्य टीप त्याच्या खालून जाईल.

आणि जाडी मोजा. ४ इंचाची पट्टी चार पदरी दुमडून १ इंचाचा बंद केला की त्याचेच चार थर झाले, आणि शेवटी तोंडावरून टीप मारताना बाहेरचं कापड दोनदा आणि अस्तर दोनदा धरून आठ थर होतात. बकरम (कापड ताठ राहायला आतून चिकटवायचं जाड कापड) असेल तर आणखी. ११ नंबरची सुई तिथे वाकते किंवा तुटते. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कॅनव्हास किंवा जीन्सला १६. बंदावर चढताना मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) तिरका होतो आणि टाके बारीक-बारीक होऊन तिथेच अडकतात, तेव्हा फूटच्या मागच्या बाजूला त्याच कापडाची घडी घालून फूट सपाट करा आणि तेवढे टाके हाताने चाक फिरवून घाला. घाई करू नका, सुई तुटली की तुकडा उडतो.

बकरम लावत असाल तर मायेत येऊ देऊ नका, सगळ्या बाजूंनी अर्धा इंच लहानच कापा. गोंदाची खरखरीत बाजू कापडाकडे. इस्त्री घासायची नाही, ठेवायची, दाबायची, उचलायची, नाहीतर फुगे येतात.

सुलट करताना काय काय होतं

भोकच ठेवलेलं नसतं! म्हणजे अस्तराचा तळ तुम्ही उत्साहात पूर्ण शिवून टाकलेला असतो आणि पिशवी बंद पाकीट झालेली असते. अस्तराच्या तळाला आधीच खडूने दोन मोठ्या फुल्या करा, त्यांच्यामधे शिवायचं नाही. अंतर ५ ते ६ इंच, बकरम असेल तर आणखी १ इंच. ३ इंचातून जाईल असं वाटतं, जातंही, पण सगळी इस्त्री वाया जाते आणि टोकाचे टाके उसवतात, म्हणून भोकाच्या दोन्ही टोकांना मागे-पुढे टीप मारून पक्कं करा.

जोडताना बाहेरची पिशवी सुलट, अस्तर उलटं, आणि पिशवी अस्तराच्या आत, म्हणजे सुलट बाजूला सुलट बाजू भिडते. इथे गोंधळ झाला की शेवटी अस्तराची उलटी बाजू वर येते. शिवण्याआधी तोंडातून बघा, दोन कापडांच्या मधे काय दिसतंय? दोन्ही चांगल्या बाजू आणि लोंबणारे बंद दिसले की शिवा. टाचण्या आधी बाजूच्या दोन जोडांवर लावायच्या, मग मधे. एका टोकापासून लावत गेलात तर शेवटी कापड उरतं.

तळाचे कोपरे नीट येत नसतील तर जास्तीची माया कापा, टिपेपासून एक सूत लांब राहून. कात्रीच्या टोकाने कोपरा ढकलू नका, भोक पडतं. बोथट पेन्सिल घ्या.

तोंडातून अस्तर डोकावतंय का? सुलट झाल्यावर लगेच टीप मारायची नाही, आधी इस्त्री. जोड बोटांनी चोळून अस्तर किंचित आत वळवा, दाबा, मग कडेपासून पाव इंचावर बाहेरच्या बाजूने टीप, टाका जरा मोठा ठेवून. ती टीप दिसायला पण छान दिसते आणि अस्तराला आतच ठेवते.

खालून दोऱ्याचा गुंता

कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला शिव्या देतात. बहुतेकदा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. फूट खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांमधे बसत नाही. फूट वर करा, पूर्ण काढून परत ओवा. टाके मधेच सुटत असतील तर सुई बदला, आणि सुरू करताना दोन्ही दोरे मागे धरून ठेवा.

उसवायची वेळ आलीच तर टाके एकेक करून उपटू नका, एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापत जा आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, सळसळत निघून येतो.

आतला खिसा राहिला असेल तर आता विसरा, तो बाजू जोडायच्या आधी अस्तरावर लावायचा असतो.

अस्तरातलं भोक मात्र सगळ्यात शेवटी बंद करा. तोंडाची टीप झाली, बंद ओढून बघितले, कोपरे बघितले, मग त्या भोकातून आत हात घालून दोन कापडांच्या मधे एकदा चाचपा. हळूच. माझ्या एका पिशवीत टाचणी राहिली होती आणि ती सापडली मला दोन महिन्यांनी, बोटात.