मोठेपणी अचानक मांजराची ॲलर्जी झाली तर काय करायचं (माऊला लगेच घराबाहेर काढू नका)

लहानपणापासून घरात मांजरं, मांडीवर घेऊन झोपलेले आहात, कधी एक शिंक आली नाही, आणि आता पस्तिशीत माऊ जवळ आली की नाक गळतंय, डोळे चुरचुरतायत, रात्री खोकला. "इतकी वर्षं तर काही झालं नाही, मग आत्ताच कसं?" हा प्रश्न सगळेच विचारतात. तर ॲलर्जी कुठल्याही वयात सुरू होऊ शकते. शरीर आधी एखाद्या गोष्टीविरुद्ध आयजीई नावाच्या अँटीबॉडी तयार करतं, त्याला कधीकधी वर्षं लागतात, आणि मग एक दिवस त्रास दिसायला लागतो. हॉस्टेलला किंवा परदेशात राहून दिवाळीला घरी आलेल्या मुलांना स्वतःच्याच मांजराने शिंका येतात तेही यातलंच, रोजचा संपर्क तुटला की अंगवळणी पडलेलं सुटतं.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाकू. दोष केसांचा नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींमध्ये फेल डी वन नावाचं प्रोटीन तयार होतं, मांजर स्वतःला चाटतं तेव्हा ते अंगभर पसरतं, सुकतं आणि अगदी बारीक कणांवर बसून हवेत तरंगत राहतं. म्हणून केस भादरून काही होत नाही, बिनकेसाचं मांजर आणलं तरी नाही. "हायपोॲलर्जेनिक" (म्हणजे ॲलर्जी न देणारं) म्हणून महागडं पिल्लू विकणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करा.

पहिलं काम: मांजरच आहे का ते बघा

हे लोक करतच नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आपल्याकडे, त्यात मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत, गादीतले डस्ट माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे), भिंतीची बुरशी, झुरळं ही सगळी मंडळी ॲलर्जी द्यायला तयारच असतात, पावसाळ्यात तर विचारू नका. दोनेक आठवडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कधी शिंका आल्या, कुठे होतात, काय करत होतात. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच सुरू होतं का? मग गादीवर संशय घ्या. मांजराला कुरवाळून हात डोळ्याला लागला आणि दहा मिनिटांत डोळा लाल? मग मांजराकडे बोट जातं.

"मांजर आठ दिवस मावशीकडे पाठवून बघू" हा प्रयोग मात्र करू नका. मांजर गेलं तरी ते प्रोटीन सोफ्यात, पडद्यात, गादीत महिनोन्महिने राहतं. त्यामुळे आठ दिवसांत त्रास कमी झाला नाही म्हणून मांजर निर्दोष असा निकाल लावता येत नाही.

दुसरं: टेस्ट

ईएनटी किंवा ॲलर्जीवाल्या डॉक्टरकडे जा. हातावर थेंब टाकून बारीक टोचतात ती स्किन प्रिक टेस्ट, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते कळतं. याच्या आधी सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती दिवस ते डॉक्टरला फोन करून विचारा, नाहीतर फुकटची फेरी होते. रक्ताची टेस्ट गोळ्या चालू असतानाही चालते. पण मोठ्ठं पॅनल करून पंचवीस गोष्टी पॉझिटिव्ह आल्या म्हणून घाबरू नका, रिपोर्ट आणि तुमचा त्रास जुळला तरच त्याला अर्थ.

छातीत घरघर, शिट्टीसारखा आवाज, जिना चढताना दम असं काही असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी छातीच्या डॉक्टरकडे. तिथे मांजरप्रेम मध्ये आणायचं नाही. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल इतका दम लागला तर सरळ हॉस्पिटल.

तिसरं: बेडरूम बंद

एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही करा. माऊ बेडरूममध्ये नाही म्हणजे नाही, दाराबाहेर कितीही ओरडली तरी. (पहिले काही दिवस ती ओरडणारच, आणि घरातलं कोणीतरी विरघळणारच, त्या माणसाला आधीच दम द्या.) चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. परवडत असेल तर हेपा फिल्टरचा (हवेतले अगदी बारीक कण अडवणारा) एअर प्युरिफायर याच खोलीत ठेवा, हॉलमध्ये ठेवून शोभेला काही उपयोग नाही.

बाकी घरात कोरडा झाडू मारणं कमी करा, त्याने सगळं परत हवेत उडतं, ओलं फडकं बरं. पंख्याची पाती आणि एसीचे फिल्टर पुसा. जाड कार्पेट असेल तर काढूनच टाका. मांजराचं ब्रशिंग आणि लिटर घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. बोका असेल आणि नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये हे प्रोटीन जास्त असतं. आंघोळ घातली तर कमी होतं खरं, पण एक-दोन दिवसांत परत तेवढंच, आणि ओरबाडे तुमच्या हातावर.

चौथं: औषध नीट घ्या

रोज नाक बंद असेल तर गोळीपेक्षा डॉक्टरने दिलेला स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे जास्त कामाचा. लोक दोन दिवस मारतात आणि "काही फरक नाही" म्हणून सोडतात, त्याला पूर्ण असर दाखवायला एक-दोन आठवडे लागू शकतात. मारताना उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नको, तिथे लागला की रक्त येतं. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब वेगळे, ते चार-पाच दिवसांच्या वर घातले तर नाक उलट जास्त चोंदतं.

एवढं करूनही भागत नसेल तर इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे त्याच गोष्टीचे (ॲलर्जनचे) वाढते डोस देऊन शरीराला सवय लावणं. साधारण तीन ते पाच वर्षांचं काम, खर्चिक, दमा कंट्रोलमध्ये नसेल तर करत नाहीत. माऊ अजून बारा वर्षं सोबत असणार असेल तर डॉक्टरशी बोलून बघण्यासारखं आहे.

आणि खरंच द्यायचीच वेळ आली, दमा आटोक्यात येत नाहीये, तर ओळखीत घर शोधा, पिशवीत घालून मच्छी मार्केटला सोडून येणं हा उपाय नव्हे. ती गेल्यावर पडदे, सोफ्याची कव्हरं धुवा, भिंती पुसा, आणि औषध डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवा, कारण घरातलं प्रोटीन खाली यायला चार-सहा महिने लागू शकतात.