पाखाडीपासून हजेरीपटापर्यंत : कोकणात नोकरी शोधणाऱ्या दिव्यांगांसाठी

नोकरीची जाहिरात हाती आली की आधी घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंतची वाट बघा. घर वरच्या वाडीत, रस्ता खाली आणि मधे जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, हे कोकणात नेहमीचं. मे महिन्यात कुबड्यांवर दहा मिनिटांत उतरता येणारी पाखाडी जुलैत शेवाळ धरते आणि तीच वाट अर्ध्या तासाची होते. काम उत्तम जमत असूनही नोकरी सुटते ती पुष्कळदा अशा पहिल्या पावसाळ्यात. म्हणून मृगाआधी कुबडीच्या बुडाचं रबर उलटं करून बघावं. खालच्या वळ्या झिजून सपाट झाल्या असतील तर ओल्या जांभ्यावर ते धरत नाही. नवी जोडी बसवा आणि एक जास्तीची पिशवीत ठेवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पाखाडीला कठडा हवा असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. एस.टी.त दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण पहिली गाडी किती वाजता येते आणि कामाची पाळी किती वाजता सुरू होते, याचा मेळ आधीच घालून बघा. मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटर घेणार असाल तर आर.टी.ओ.त त्या बदलाची नोंद आर.सी. बुकावर करून घ्या. नोंद नसली तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकू शकतात.

आता कागद. 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करून मिळणारं यू.डी.आय.डी. कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, हा पाया. तपासणी सरकारी रुग्णालयात होते: रत्नागिरीकरांना जिल्हा रुग्णालय, सिंधुदुर्गात ओरोस, रायगडात अलिबाग. तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा वार ठरलेला असतो, तो फोन करून विचारल्याशिवाय घर सोडू नका. नाही तर दापोलीहून किंवा देवगडहून आलेली खेप फुकट जाते. जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, कानाचा ऑडिओग्राम बरोबर न्या. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि कार्ड या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही कागदपत्र पडताळणीत माणूस अडकतो. दिव्यांगत्वाची टक्केवारी पटली नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा, कारण भरती दीड-दोन वर्षं रेंगाळू शकते.

सरकारी नोकरीत २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४ टक्के जागा राखीव आहेत, त्याही ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. अंध व अल्पदृष्टी १ टक्का, कर्णबधिर १ टक्का, अस्थिव्यंगाच्या गटाला १ टक्का (यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, ॲसिडहल्ला, स्नायूंचा क्षय हे सगळे येतात), आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता मिळून १ टक्का. हे समांतर आरक्षण आहे. जातीचा प्रवर्ग वेगळा भरायचा, दिव्यांगत्व वेगळं.

खरी चूक होते ती जाहिरातीतले संकेत न वाचल्यामुळे. पदापुढे 'ओएल', 'बीएल', 'ओए', 'एलव्ही', 'एचएच' अशी अक्षरं असतात. 'ओएल' म्हणजे एका पायाचं व्यंग, 'बीएल' म्हणजे दोन्ही पायांचं, 'ओए' एका हाताचं, 'एलव्ही' अल्पदृष्टी, 'एचएच' कमी ऐकू येणं. दोन्ही पायांना पोलिओ असलेल्याने फक्त 'ओएल' असलेल्या पदाला अर्ज केला, तर परीक्षेत पहिला आला तरी पडताळणीत बाद होतो. शेजारी कामाच्या गरजाही दिलेल्या असतात : 'एस' बसून, 'एसटी' उभं राहून, 'डब्ल्यू' चालत, 'एल' उचलणं. आधी हे वाचा, मग फी भरा. लेखनिक आणि जादा वेळ लागणार असेल तर अर्जातच तसं नोंदवा. तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं जादा मिळतात. ऐन परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखाशी वाद घालून हे पदरात पडत नाही.

पण सरकारी जागांची वाट बघत तिशी उलटू देऊ नये. गावाजवळ रोजचा पगार देणारं काम म्हणजे काजूचा कारखाना, आणि तिथे नीट विचार केला तर दिव्यांगांना पुष्कळ जागा आहे. मात्र 'काजूत काम' म्हणजे एक काम नव्हे. बी फोडायचं जुनं कटर हात आणि पाय दोन्हींनी चालतं : पायाने पेडल, हाताने दांडा. पाय अधू असेल तर ते टाळा. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. कुष्ठमुक्त माणसाच्या किंवा जुन्या मधुमेह्याच्या बोटांना संवेदना कमी असेल तर भाजलेलं त्याला कळतच नाही आणि जखम चिघळते. फोडणी विभाग अशांनी घेऊच नये, मालकाने कितीही आग्रह केला तरी. साल काढणं हे बसून करायचं काम आहे. गराला चिकटलेली साल बोटाला लागते, त्यामुळे न दिसणाऱ्यालाही सरावाने जमतं. प्रतवारीत मात्र नजर लागते. २४० नंबर म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २४० अख्खे गर. ३२० म्हणजे त्याहून बारीक. अल्पदृष्टी असेल तर पांढऱ्या टेबलावर पांढरा गर दिसत नाही. टेबलावर गडद रेक्झिन अंथरून मागा, खर्च फार नाही आणि फरक लगेच कळतो. मजुरी किलोवर असते. पहिल्या दिवशीच्या वजनावर ठरवू नका. आठवडाभर काम करून बघू द्या असं सांगा आणि रोजचं वजन स्वतःच्या वहीत लिहा.

लोटे परशुराम किंवा महाडच्या रासायनिक कारखान्यात कर्णबधिर माणूस लागत असेल तर एकच प्रश्न आधी विचारा : भोंगा वाजला की मला कसं कळेल? भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा आणि पाळीत खूण करणारा एक ठरलेला सोबती, हे दोन्ही ठरल्याशिवाय रुजू होऊ नका.

संगणकाचं काम करणाऱ्या अंध उमेदवाराने मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) शिकावं. एन.व्ही.डी.ए. हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा वाचक फुकट मिळतो आणि मराठी वाचतो, पण कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर त्याला अर्थहीन अक्षरं म्हणून ऐकू येतो. स्कॅन केलेली पी.डी.एफ. त्याच्या लेखी कोरा कागद. 'तुमच्याकडे फायली कशात असतात?' हे मुलाखतीतच विचारून घ्या.

मुलाखतीत आजाराचा इतिहास सांगत बसू नका. काम कसं करणार आणि त्यासाठी काय लागेल, तेवढं मापासकट सांगा. 'चढउताराची सोय करा' म्हटलं की मान डोलावून विसरतात. 'दाराशी १५ सेंटिमीटरची पायरी आहे, १ ला १२ उताराने १८० सेंटिमीटर लांब रॅम्प लागेल' असं सांगितलं की गवंड्याला बोलावता येतं. हीच मागणी रुजू झाल्यावर लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. पहिली पगारचिठ्ठी आली की व्यवसायकराचा रकाना बघा. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा अधिक कायम दिव्यांगत्वाला तो माफ आहे. कापला गेला असेल तर प्रमाणपत्राची प्रत त्याच महिन्यात लेखा विभागात द्या.