युरोपातील एक सेमिस्टर आणि भटकंती : या चुका टाळा

एका सेमिस्टरसाठी युरोपात गेलेला विद्यार्थी ज्या अडचणींत सापडतो, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ एकाच समजुतीत असते. आपण चार-सहा महिन्यांचे पाहुणे आहोत, तेव्हा पर्यटकासारखे राहिले तरी चालेल, असे तो धरून चालतो. पण यजमान देशाचा कायदा, विद्यापीठ, घरमालक, इतकेच काय, रेल्वेचा पास विकणारी कंपनीसुद्धा त्याला तात्पुरता रहिवासी मानते. ही तफावत पहिल्या काही दिवसांत जाणवत नाही. ती जाणवते ती सीमेवर पोलिसांनी कागद मागितल्यावर, परीक्षार्थींच्या यादीत आपले नाव नसल्याचे कळल्यावर किंवा खोलीचे डिपॉझिट परत मागताना, आणि तोवर दुरुस्तीची मुदत अनेकदा उलटून गेलेली असते.

व्हिसाचा स्टिकर न वाचणे

पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या स्टिकरवर नाव आणि पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, मुदतीच्या दोन तारखा, प्रवेशांची संख्या आणि तळाचा शेरा एवढा मजकूर असतो. तो निघण्यापूर्वी एकदा ओळीने वाचावा आणि नावात एका अक्षराची चूक आढळली तरी तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी, कारण पोहोचल्यावर ही दुरुस्ती फार जिकिरीची होते. प्रकाराच्या जागी ‘सी’ असेल, तर तो अल्प मुदतीचा व्हिसा असून त्यावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. पूर्ण सेमिस्टरसाठी सहसा ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा मिळतो. प्रवेशांच्या रकान्यात ‘मल्ट’ असेल तर अनेकदा ये-जा करता येते. तिथे ‘०१’ असेल आणि निवास परवाना अजून हाती आला नसेल, तर शेंगेन क्षेत्राबाहेरची (म्हणजे आपापसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरची) एक छोटी सहलदेखील परतीची वाट बंद करू शकते.

‘डी’ व्हिसा किंवा निवास परवाना असलेल्यांचा सर्वांत मोठा गोंधळ दिवसांच्या हिशेबात होतो. ज्या देशाने परवाना दिला, त्या देशातील वास्तव्य ९० दिवसांच्या मर्यादेत धरले जात नाही. मात्र इतर सर्व शेंगेन देशांतील दिवस एकत्र मोजले जातात, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात येतात. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतलेल्या विद्यार्थ्याचे तीन दिवस खर्ची पडतात. एका सेमिस्टरमधल्या शनिवार-रविवारच्या सहलींनी ही मर्यादा क्वचितच ओलांडली जाते. अडचण येते ती परीक्षा संपल्यावर सलग दोन-तीन महिने फिरण्याचा बेत आखणाऱ्यांना.

शेंगेनच्या बाह्य सीमांवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी संगणकीय नोंद सुरू झाली असून तीत अल्प मुदतीच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना या नोंदीतून सूट आहे, पण ती अधिकाऱ्याला आपण कोण आहोत हे कळले तरच मिळणार. म्हणून खिडकीपाशी केवळ पासपोर्ट पुढे न करता परवान्याचे कार्डही सोबत द्यावे. अन्यथा आपली नोंद पर्यटक म्हणून होऊन ९० दिवसांची मोजणी नाहक सुरू होण्याची शक्यता असते.

तीन नकाशांची गल्लत

युरोपीय संघ, शेंगेन क्षेत्र आणि युरो वापरणारे देश हे तीन वेगळे नकाशे आहेत, आणि व्हिसाच्या दृष्टीने महत्त्वाचा फक्त शेंगेनचा. १ जानेवारी २०२५ पासून रुमानिया आणि बल्गेरिया या देशांच्या भूसीमांवरील तपासणीही उठली आणि हे दोन्ही देश शेंगेनमध्ये पूर्णपणे सामील झाले. आता त्यात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, तिथे युरो चालतो, पण शेंगेनचा व्हिसा चालत नाही. ब्रिटन तर तिन्ही नकाशांच्या बाहेर आहे. सर्वांत फसवी जागा म्हणजे डब्लिनहून बेलफास्टला जाणारा रस्ता. तिथे एरवी सीमेवर तपासणीचे नाके नाही, त्यामुळे बस थांबतही नाही; पण बेलफास्ट ब्रिटनच्या हद्दीत येते आणि भारतीय पासपोर्टधारकाला तिथे जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो. कोणी विचारले नाही, याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही.

शेंगेनमध्ये सीमेवर तपासणी होतच नाही, हा समजही आता जुना झाला. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली. रात्रीच्या बसमध्ये पहाटे पोलीस चढतात, दिवे लागतात आणि एकेका आसनापाशी ओळखपत्र मागितले जाते. त्या वेळी विद्यापीठाचे कार्ड किंवा फोनमधला पासपोर्टचा फोटो पुरेसा ठरत नाही. शेजारच्या देशात एका दिवसासाठी जातानाही मूळ पासपोर्ट आणि परवाना जवळ हवाच.

आधी सहल, मग नोंदणी

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पहिल्या पंधरवड्यात वर्ग सुरू झालेले नसतात, नवे मित्र मिळतात आणि कुठेतरी जाण्याचा बेत ठरतो. नेमक्या याच काळात कायद्याची घड्याळे सुरू झालेली असतात. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाने सही करून दिलेले वास्तव्याचे प्रमाणपत्र लागते. केवळ भाडेकरार दाखवून भागत नाही. इटलीत पोहोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत ‘पेरमेस्सो दी सोज्जोर्नो’साठी, म्हणजे निवास परवान्यासाठी, अर्ज करायचा असतो, आणि अर्जाचे पाकीट पोस्टात मिळते व तिथेच भरून द्यावे लागते. फ्रान्समध्ये निवास परवान्याचेच काम करणारा विद्यार्थी व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. ते राहून गेले तर वास्तव्यच बेकायदेशीर ठरते. स्पेनमध्ये वास्तव्य सहा महिन्यांपेक्षा अधिक असेल, तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो.

मोठ्या शहरांत या कार्यालयांच्या अपॉइंटमेंट कित्येक आठवडे पुढच्या मिळतात. त्यावर उपाय असा, की पत्ता निश्चित होताच, शक्य असल्यास घरूनच, वेळ आरक्षित करावी, रद्द झालेल्या वेळा पाहण्यासाठी सकाळी कार्यालय उघडताना संकेतस्थळ पुन्हा तपासावे आणि मुदतीत वेळ मिळालीच नाही, तर प्रयत्न केल्याचा पुरावा म्हणून पडद्याचे फोटो आणि पाठवलेला ईमेल जपून ठेवावा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला हे कळवणेही उपयोगाचे असते, कारण अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी वेगळी खिडकी असते.

कार्ड तयार होईपर्यंत हाती येते ती पावती, आणि तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. अशा पावतीवर त्या देशात राहता येते, पण मूळ व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर तिच्या जोरावर दुसऱ्या शेंगेन देशात जाता येईलच असे नाही. नाताळच्या सुटीची तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या पावतीवर प्रवासाची मुभा आहे का, हे परवाना कार्यालयाला लेखी विचारावे.

खोली घेताना

चावी कुरिअरने पाठवतो, आधी पैसे भरा, असे सांगणारा घरमालक खरा नसतो, हे इथे एकदा सांगून पुढे जातो. खऱ्या घरमालकाशी होणारे वाद वेगळे असतात. जर्मनीत जाहिरातीत दिसणारे ‘काल्टमीटे’ हे फक्त जागेचे भाडे असते. हीटिंग आणि इतर खर्च धरून ‘वार्ममीटे’ ठरते आणि वीज किंवा इंटरनेट त्यातही नसू शकते. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा अधिक मागता येत नाही. शिवाय प्रत्येक घरामागे दरमहा १८.३६ युरो प्रसारण शुल्क द्यावे लागते, मग घरात टीव्ही असो वा नसो; सामाईक सदनिकेत ते एकानेच भरायचे असते, म्हणून पत्र आले की आधी सोबत्यांना विचारावे.

खोली ताब्यात घेताना हस्तांतराचा कागद तयार केला जातो. त्यावर घाईने सही करू नये. खिडकीची मूठ सैल आहे का, गादीवर डाग आहे का, भिंतीत खिळ्याचे भोक आहे का, शॉवरच्या कोपऱ्यात बुरशी आहे का, हे सगळे त्यात लिहून घ्यावे, मीटरचा आकडा टिपावा आणि तारखेसह फोटो घरमालकालाच ईमेलने पाठवावेत. सहा महिन्यांनी डिपॉझिटमधून कपात झाली, तर ही एवढीच सामग्री आपल्या बाजूने बोलते.

अभ्यासाला सुटीतला भाग समजणे

एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय विद्यापीठांच्या सामाईक पद्धतीची, क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत असते. म्हणजे पूर्ण सेमिस्टरचा भार ७५० ते ९०० तासांचा होतो. वर्गातले तास कमी दिसतात, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मोकळे आहेत असा भास होतो. वास्तविक ते वाचन, निबंध आणि गटप्रकल्प यांसाठी ठेवलेले असतात.

परतल्यावर मूळ विद्यापीठात क्रेडिट मान्य होणे हे लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे कोणते विषय घेणार याच्या लेखी करारावर, अवलंबून असते. तिकडे पोहोचल्यावर एखादा विषय इंग्रजीत शिकवला जात नाही किंवा दोन तासिका एकाच वेळी येतात असे आढळते, मग विद्यार्थी परस्पर दुसरा विषय घेतो, आणि त्याची सही मूळ विद्यापीठाकडून घ्यायची राहते. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-विनिमय योजनेत असे बदल सेमिस्टर सुरू झाल्यापासून साधारण पाच आठवड्यांत नोंदवायचे असतात; इतर करारांत मुदत वेगळी असते, ती पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी. बदल सुचवताना विषयाचा अभ्यासक्रम सोबत जोडला, तर मंजुरी लवकर मिळते.

जर्मन विद्यापीठांत वर्गाला नाव नोंदवणे आणि परीक्षेला नाव नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व व्याख्यानांना हजर राहूनही परीक्षेची मुदत चुकलेल्या विद्यार्थ्याला बाहेर बसावे लागते. इटलीत अनेक परीक्षा तोंडी असतात आणि एकाच विषयाच्या दोन-तीन तारखा जाहीर होतात. त्यांपैकी पहिली निवडावी, कारण ती बिघडली तर दुसरी हाताशी राहते. परतीचे विमान परीक्षेच्या तारखा लागण्यापूर्वी काढायचेच असेल, तर बदलता येणारे तिकीट काढावे. त्याचा जादा खर्च मला पूर्णपणे रास्त वाटतो.

रेल्वे, बस आणि स्वस्त विमाने

अनेक देशांत चालणाऱ्या रेल्वे पासांत युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल आणि युरोपातील रहिवाशांसाठी इंटररेल, अशी विभागणी आहे. निवास परवाना असलेला विद्यार्थी रहिवासी ठरतो. इंटररेलमध्ये मात्र राहत्या देशातून बाहेर पडण्यासाठी एक आणि परतण्यासाठी एक असेच प्रवास करता येतात, हे न कळल्याने पुष्कळांचा बेत फसतो. शिवाय पास म्हणजे आसन नव्हे. फ्रान्समधील टीजीव्ही, स्पेनमधील एव्हीई, इटलीतील फ्रेच्चारोसा आणि युरोस्टार या वेगवान गाड्यांना पैसे भरून वेगळे आरक्षण लागते, आणि पासधारकांसाठीच्या जागा लवकर संपतात. त्या संपल्या तर प्रादेशिक गाड्यांचा मार्ग शोधावा. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या देशांत बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही.

तिकीट काढले की काम संपले, असे सर्वत्र नसते. इटलीत प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटावर आणि बर्लिनमध्ये स्थानकावर घेतलेल्या कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट विनातिकीट धरले जाते; जर्मनीत त्याचा दंड ६० युरो आहे आणि आपण नवखे आहोत ही सबब तपासनीस ऐकत नाही. संपूर्ण जर्मनीत चालणाऱ्या डॉइशलांड तिकिटावर प्रादेशिक गाड्या, मेट्रो आणि बस चालतात, आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी चालत नाही. ते वर्गणीने मिळते, आणि महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केले नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

स्वस्त विमानाचे भाडे पाहताना विमानतळाचे ठिकाणही पाहावे. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. काही कंपन्यांना युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टधारकाची कागदपत्रे सुरक्षा तपासणीपूर्वी काउंटरवर पाहायची असतात, म्हणून हातात बोर्डिंग पास असला तरी वेळ राखून जावे. दोन वेगळी तिकिटे जोडून प्रवास केला आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर त्याची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. मात्र कंपनीच्या कारणाने तीन तास किंवा अधिक उशीर झाला, तर युरोपीय नियमानुसार अंतर पाहून २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. रेल्वेतही एक तासाच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के रक्कम मिळते. हा अर्ज करायचा कंटाळा करू नये.

पैसे आणि फोन यांबाबत दोनच गोष्टी. प्राग, बुडापेस्ट किंवा झुरिकमध्ये कार्ड यंत्राने कोणत्या चलनात पैसे द्यायचे असे विचारले, तर नेहमी स्थानिक चलन निवडावे. आणि युरोपीय संघातले मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही, म्हणून सीमेआधी डेटा बंद करून पॅकेज तपासावे.

पासपोर्ट हरवला तर

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. जिवावरचा प्रसंग असेल तर संपूर्ण युरोपीय संघात ११२ हा क्रमांक चालतो. मग भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा. इथे घाईत एक चूक होते. इमर्जन्सी सर्टिफिकेट लवकर मिळते म्हणून तेच मागितले जाते, पण ते केवळ भारतात परतण्यासाठी असते. सेमिस्टर बाकी असेल तर नव्या पासपोर्टसाठीच अर्ज करावा आणि परवाना कार्यालयालाही लगेच कळवावे.

निघताना

परवान्याची शेवटची तारीख ही परतीची शेवटची तारीख असते. परवाना संपल्यावर पर्यटक म्हणून आणखी ९० दिवस आपोआप मिळत नाहीत. भारतीय पासपोर्टधारकाला त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. म्हणून शेवटची भटकंती परवान्याच्या मुदतीत बसवावी. जर्मनीतून निघताना पत्त्याची नोंद रद्द करून तिचे प्रमाणपत्र घ्यावे, कारण प्रसारण शुल्क थांबवताना आणि अनेकदा फोनचा करार मोडतानाही तेच मागितले जाते. डिपॉझिट जमा होईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नये. विद्यापीठाचा ईमेल किती दिवस चालू राहील हे विचारून घ्यावे, कारण गुणपत्रक अनेकदा परतल्यानंतर त्याच पत्त्यावर येते.