थंड हवेतली बाग: सुकवायची जागा आधी, बियाणं नंतर

बियाण्यांची पाकिटं हातात आली की आपण लगेच कुठल्या वाफ्यात काय लावायचं त्याचं चित्र काढायला बसतो. जरा थांबा. तुमच्याकडे बाहेर पीक घ्यायला जेमतेम साडेतीन-चार महिने मिळत असतील आणि भाजीबरोबर थोडं धान्य, थोडी कडधान्यं पण लावायची असतील, तर पहिला प्रश्न हा की कापून आणलेलं सगळं पसरणार कुठे? मी पहिली दोन वर्षं ही यादी वरून खाली केली, म्हणजे बी, माती, पेरणी, खत आणि सगळ्यात शेवटी "काढणीचं बघू मग", आणि दुसऱ्या वर्षी राजम्याच्या शेंगा भरून पिवळ्या पडलेल्या, फक्त आठवडाभर ऊन हवं होतं, तर पाऊस लागला तो दहा दिवस, एक शेंग सोलली तर आत पांढरी बुरशी आणि दोन दाण्यांना शेंगेतच मोड आलेले. फ्रॉस्टची, म्हणजे पानांवर बर्फाचा पांढरा थर धरणाऱ्या थंडीची, भीती घालून घेऊन बसले होते, पीक नेलं ओल्या हवेनं. तेव्हापासून यादी खालून वर करते.

तर पहिलं काम, छप्पर असलेली, वारा खेळणारी, उंदीर येत नाहीत अशी जागा. गॅरेज, पोटमाळा, पडवी, रिकामी खोली, काहीही चालेल पण ती आत्ताच ठरवा आणि आत्ताच रिकामी करा, कारण ऐनवेळी तिथे सायकली आणि रंगाचे डबे असतात. आडवी दोरी किंवा काठी बांधून ठेवा, घेवड्याची-राजम्याची झाडं मुळासकट उपटून उलटी टांगायची म्हणजे पाऊस लागला तरी शेंगा आत सुकत राहतात. खाली जुनी चादर अंथरायची, कारण सुकलेली शेंग तडकते आणि दाणे कोपऱ्यात जाऊन लपतात. एक टेबलफॅन, दोन टब, एक चाळणी, एक जाड उशीचा अभ्रा. अभ्रा कशाला तर मळणीला! सुकलेल्या शेंगा त्यात भरायच्या, तोंड बांधायचं आणि वरून चालायचं, मग फॅनसमोर एका टबातून दुसऱ्या टबात ओतायचं, फोलपटं उडून जातात. सूप पाखडता येत असेल तर प्रश्नच नाही, मला येत नाही.

साठवायला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या लागतील. दाणा सुकलाय का हे बघायला दाताखाली धरा, टच्चकन फुटला तर झालं, दाताची खूण उमटली तर अजून ओल आहे. तरी शंका असेल तर मूठभर दाणे बरणीत बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी काचेवर आतून वाफ दिसली की परत पसरा. किडीसाठी पूर्ण सुकलेले दाणे आठवडाभर फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे 18 अंशाला ठेवायचे, भुंग्यांची अंडीसुद्धा मरतात. ओले दाणे मात्र ठेवू नका, खायला चालतील पण बी म्हणून मेले समजा.

दुसरं काम कॅलेंडर, आणि ते पण उलटं मोजायचं. आपल्या भागातल्या पानगळीतल्या पहिल्या फ्रॉस्टची तारीख आणि थंडी सरतानाच्या शेवटच्या फ्रॉस्टची तारीख शोधा, मधले दिवस मोजा. यात दोन घोळ सगळेच करतात. एक म्हणजे शेवटच्या फ्रॉस्टची ती तारीख सरासरी असते, म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत फ्रॉस्ट त्याच्याही नंतर पडतो, आणि आपण त्याच दिवशी टोमॅटो बाहेर काढून मोकळे होतो. दुसरा घोळ हार्डिनेस झोनचा. लोक "आमचा झोन अमुक" असं अभिमानाने सांगतात पण तो आकडा फक्त हिवाळ्यात पारा किती खाली जातो एवढंच सांगतो, सफरचंदाचं झाड जगेल का ते कळतं, राजमा पिकेल का ते कळत नाही. एकाच झोनच्या दोन गावांत फ्रॉस्टशिवायचे दिवस 90 आणि 150 असू शकतात.

शिवाय आपली बाग म्हणजे हवामान केंद्र नाही. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खोलगट कोपऱ्यात, भिंतीच्या नाहीतर दाट कुंपणाच्या वरच्या अंगाला साठते. अंदाजातलं तापमान जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटरवरचं असतं, त्यामुळे निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री अंदाज 3 अंश म्हणत असला तरी जमिनीलगत पानांवर पांढरं दिसू शकतं. किमान-कमाल तापमान धरून ठेवणारा साधा थर्मामीटर घ्या आणि वाफ्यापाशी ठोका, एका वर्षात कळतं आपली जागा अंदाजापेक्षा किती थंड आहे ते.

आता समजा 110 दिवस आले. त्यातले 15 सरळ काढून टाका, थंड रात्रींमध्ये पीक पाकिटावर लिहिल्यापेक्षा हळूच वाढतं. राहिले 95. पाकिटावरचे दिवस नीट वाचा, घेवड्याचे 55 दिवस लिहिलेले असतील तर ते बहुतेक हिरव्या शेंगेचे, दाणा सुकेपर्यंत 90-100 लागतात. टोमॅटो-मिरचीचे दिवस रोप बाहेर लावल्यापासून मोजलेले असतात, बी पेरल्यापासून नाही. हे एक वाक्य मला कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर हिरव्या टोमॅटोंच्या त्या ढिगाचं काय करायचं हा प्रश्न पडला नसता.

एका आठवड्याने काय फरक पडतो असं वाटत असेल तर मार्क्विस गव्हाची गोष्ट आहे. कॅनडात रेड फाइफ नावाचा चांगला गहू होता पण उशिरा पिकायचा आणि बऱ्याचदा फ्रॉस्टमध्ये सापडायचा. चार्ल्स साँडर्स या संशोधकाने 1904 च्या सुमारास रेड फाइफ आणि हार्ड रेड कलकत्ता या भारतातून गेलेल्या गव्हाच्या संकरातून मार्क्विस निवडून काढला, तो साधारण आठवडाभर आधी तयार व्हायचा आणि तेवढ्यावर उत्तरेकडचा केवढा तरी मुलूख गव्हाखाली आला. साँडर्स दाणे चावून बघून गव्हाचा चिकटपणा ठरवायचा म्हणतात, म्हणजे दाताची परीक्षा काही माझी आयडिया नाही.

मग पिकं निवडा, आणि धान्यात पहिली चाळणी तुसाची लावा. साधी बार्ली आणि साधे ओट्स उगवायला सोपे, पण तूस दाण्याला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की घरी काढता काढता जीव जातो. त्यामुळे बिनतुसाच्या जाती मागवा, मळणीत दाणा मोकळा होतो. गव्हाला आणि रायला (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) हा त्रास नाही. गव्हाच्या पाकिटावर विंटर की स्प्रिंग हे बघाच. विंटर गहू पानगळीत पेरायचा, त्याला कित्येक आठवडे थंडी मिळाल्याशिवाय तो ओंबीच धरत नाही, थंडी सरल्यावर पेरलात तर उन्हाळाभर नुसतं सुंदर गवत बघत बसाल. राय सगळ्यात काटक, आणि वर बर्फ साठला तर घाबरू नका, बर्फ पांघरुणासारखा असतो, उघड्या जमिनीवरची कोरडी थंडीच जास्त मारते. कुट्टू (बकव्हीट) सत्तर-नव्वद दिवसांत येतो पण फ्रॉस्टचा वारा लागला की गेला. अंदाज म्हणून, दहा चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास गव्हाचं बी लागतं आणि बरं साधलं तर दोन-तीन किलो धान्य मिळतं. वर्षाचं पीठ वगैरे होणार नाही, पण जागा खाईल ती काडाची गंजी, म्हणून परत तेच, जागा आधी. पक्ष्यांसाठी जाळी पण यादीत घाला, दाणा दुधात आला की त्यांना आपल्या आधी कळतं. कापणीसाठी ओंबी खडखडीत वाळायची वाट बघू नका, दाणा नखाने दाबल्यावर दूध येत नाही, नुसती खूण पडते, तेव्हाच कापून पेंढ्या बांधून आत टांगा, बाकीचं आत सुकतं, आणि त्या मिळालेल्या आठवड्यातच बहुतेक वेळा पाऊस येतो.

कडधान्यांचे दोन गट करा. वाटाणा आणि बाकला (फावा बीन) थंडीतले, माती 5-7 अंशांवर आली की टाकता येतात, छोट्या रोपांवर हलका फ्रॉस्ट पडला तरी तग धरतात. राजमा, घेवडा यांना माती 15 अंश तरी हवी, त्याआधी टाकलात तर बी मातीतच कुजतं, आणि लवकर पेरलेलं उशिरा पेरलेल्यापेक्षा मागे राहतं हे मी शेजारी शेजारी ओळींत बघितलंय. वेलाच्या जातींपेक्षा बुटक्या झुडपी जाती घ्या, एकदम तयार होतात. बियाला लावायचं रायझोबियम कल्चर (मुळांवर गाठी करून पिकाला नत्र देणारे जिवाणू) आणत असाल तर वाटाण्याचं राजम्याला चालत नाही, पाकिटावर पिकाचं नाव बघा. आणि खाण्याच्या दोन गोष्टी, ज्याला जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे त्याने बाकला खायचाच नाही, आणि राजमा भिजवून, पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मंद आचेच्या कुकरमध्ये नुसता ठेवून दिला तर त्यातलं विष जात नाही.

भाज्यांचं फार लिहीत नाही, ते सगळीकडे मिळतं. मिरची बाहेर लावायच्या आठ-दहा आठवडे आधी आणि टोमॅटो सहा-आठ आठवडे आधी घरात पेरा, कोबी चार-सहा, कांदा बियाने लावणार असाल तर दहा-बारा. रोपं बाहेर लावायच्या आधी आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवा, पहिल्या दिवशी सावलीत तासभरच, नाहीतर पानं उन्हाने पांढरी कागदासारखी होतात. गाजर, बीट, सलगम, पालक, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) हे आपले खरे मित्र. गाजर आणि केल तर थंडीत साखर धरतात, फ्रॉस्ट खाल्लेलं गाजर आणि ऑगस्टमधलं गाजर यांची तुलनाच नाही. पानगळीसाठी पेरणी करताना मात्र हिशेबात दोन आठवडे जास्त धरा, दिवस लहान होत जातो आणि उजेड दहा तासांच्या खाली गेला की वाढ जवळजवळ थांबते.

मातीचं काम आदल्या पानगळीतच उरका. कंपोस्ट टाका, वाफे उंच करून ठेवा, उंच वाफ्यातलं पाणी निचरून जातं म्हणून तो लवकर तापतो. हिवाळाभर वर टाकलेला पालापाचोळा थंडी सरताच बाजूला ओढा, तो असेपर्यंत खाली माती गारच राहते. आणि वाफसा आल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही. मूठभर माती दाबा, बोटाने टोचा, भुरभुर सुटली तर वाफसा आहे, चिखलाचा गोळा तसाच राहिला तर घरात जा आणि चहा प्या, ओल्या मातीत चाललात तर ढेकळं वर्षभर फुटत नाहीत. मातीत खुपसायचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, सकाळी 5-6 सेंटीमीटर खोल लावून सलग चार-पाच दिवस बघा, दुपारचा आकडा फसवतो.

जुनं बी असेल तर दहा दाणे ओल्या टिश्यूत गुंडाळून उबदार जागी ठेवा, सहा उगवले तर दीडपट पेरायचं, तीनच उगवले तर नवीन आणा. आणि सगळं बी एका दिवशी संपवू नका, एक तृतीयांश दुसऱ्या पेरणीसाठी बाजूला ठेवा.

पांघरुणं दाराजवळ हाताशी ठेवा. बागेचं फ्लीस, म्हणजे झाडांवर टाकायचं पातळ कापड, दोन-तीन अंश वाचवतं, जुन्या चादरी पण चालतात, कमानी लावून वर टाका. प्लास्टिक असेल तर पानांना टेकू द्यायचं नाही, जिथे टेकतं तिथे पान जळतं. आणि सूर्य मावळायच्या आधी झाका, कारण दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब आत अडकवायची असते, रात्री अकराला टॉर्च घेऊन धावण्यात फारसा अर्थ नाही (तरी मी धावते). सकाळी ऊन आलं की काढून टाका. घेवड्याला एकदा फ्रॉस्टमध्ये सापडू दिलं तर दुसऱ्या दिवशी पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट, लोंबलेली दिसतात, मग करण्यासारखं काही राहत नाही.

यादीतलं शेवटचं काम शेंगा टांगलेल्या असतानाच येतं. लसणाच्या पाकळ्या आणि विंटर गहू किंवा राय त्याच दिवसांत जमिनीत जायला हवेत, धान्य जमीन गोठायच्या सहा-आठ आठवडे आधी, लसूण धान्यानंतर, पण जमीन गोठायच्या आधीच. ओळींच्या दोन्ही टोकांना उंच काठ्या ठोका आणि लेबल पेन्सिलने लिहा, मार्करचं उन्हाबर्फात उडून जातं. राय उगवते तेव्हा अगदी गवतासारखी दिसते, आणि बर्फ वितळल्यावर मी एकदा मोठ्या उत्साहात तिची अख्खी ओळ निंदून कंपोस्टमध्ये टाकलेली आहे.